रिकामी गुहा : फॉर्स्टरच्या लेखनकुंठेची अकरा वर्षे

एखाद्या कादंबरीकाराची लेखणी थांबली, म्हणजे तिच्या थांबण्याचे कारण समीक्षक बहुधा त्याच्या चरित्रात शोधू लागतात. आणि ती पुन्हा चालू झाली, म्हणजे तिला चालना देणारा प्रसंगही त्यांना चरित्रातच सापडतो. ई. एम. फॉर्स्टरच्या बाबतीत हे विशेषच घडले आहे. 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी त्याने १९१३ साली लिहावयास घेतली, काही प्रकरणे झाल्यावर ती अडली, आणि १९२४ च्या जानेवारीत ती पुरी झाली. मधल्या काळात, १९२१ साली, तो देवास संस्थानात महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने राहिला होता. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून, देवासने फॉर्स्टरची लेखणी मोकळी केली, असे विधान सहजपणे केले जाते. त्यात या देशाच्या वाट्याला थोडे श्रेयही येते, हे त्या विधानाच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. स्वतः फॉर्स्टरने मात्र जवळजवळ याच्या उलट लिहून ठेवले आहे. तेव्हा ही कुंठा नेमकी कशाची होती आणि ती सुटली म्हणजे काय झाले, याचा विचार त्याच्या प्रवासांपेक्षा त्याच्या कादंबरीच्या घाटाच्या अंगाने करणे अधिक फलदायी ठरेल.

फॉर्स्टरला लिहिण्यासाठी सवड हवी होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. १८७९ साली जन्मलेल्या या मुलाचे वडील तो दोन वर्षांचाही झाला नसताना वारले. पण मेरिअन थॉर्नटन या वडिलांच्या मावशीने १८८७ साली मृत्यूपूर्वी त्याच्या नावे आठ हजार पौंड ठेवले. त्या पैशावर केंब्रिजचे शिक्षण झाले, इटलीचा प्रवास झाला, आणि पोटासाठी नोकरी धरण्याची वेळ आली नाही. आपल्याला लेखक होता आले ते या वारशामुळे, हे त्याने पुढे त्या आजीचे चरित्र लिहून (१९५६) कृतज्ञतापूर्वक नमूद केले. आईबरोबर एका उपनगरी घरात राहावे, सकाळी लिहावे-वाचावे, दुपारी चहाला आलेल्या बायकांशी बोलावे, असा त्याचा क्रम होता. आणि आई १९४५ साली वारली तोपर्यंत तो फारसा मोडला नाही. या क्रमातून १९०५ ते १९१० या अवघ्या पाच-सहा वर्षांत चार कादंबऱ्या बाहेर पडल्या. शेवटची 'हॉवर्ड्स एंड' इतकी गाजली की वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो पहिल्या पंक्तीतला कादंबरीकार गणला जाऊ लागला. आणि तिथेच तो थांबला.

लेखनाच्या शिस्तीचा उपदेश करणारे लोक अशा वेळी अँथनी ट्रॉलपचे उदाहरण पुढे करतात. पहाटे उठून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहिणाऱ्या ट्रॉलपचे आत्मचरित्र (१८८३) हे या पंथाचे धर्मपुस्तकच आहे. आपल्याकडील लेखकवर्ग याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन 'मूड' नावाच्या देवतेची वाट पाहत बसतो, तो भाग वेगळा. परंतु फॉर्स्टरची अडचण या दोहोंपैकी कोणत्याच उपायाने सुटण्याजोगी नव्हती. त्याची बैठक मोडलेली नव्हती. रोजनिशी, पत्रे, परीक्षणे, लेख सगळे चालू होते. अडली होती ती फक्त कादंबरी.

१९११ च्या जूनमधील रोजनिशीत त्याने या अडचणीचे एक कारण स्पष्ट केले आहे. ज्या एकाच विषयावर लिहिणे आपल्याला जमते आणि ज्यावर लिहिण्याची मुभाही आहे, त्या स्त्रीपुरुषांच्या प्रेमाचा आपल्याला वीट आला आहे, असा त्या नोंदीचा आशय. जमणे आणि मुभा असणे या दोन अटी त्याने तेथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम हा त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा विषय होता आणि इंग्लंडच्या कायद्याने तो १९६७ पर्यंत गुन्हा होता. म्हणजे जे खरे ते छापता येत नाही आणि जे छापता येते त्यात जीव उरलेला नाही, अशी ही कोंडी. हिच्यातच 'आर्क्टिक समर' ही कादंबरी सुरू झाली आणि अर्धवट सुटली.

तिच्याविषयी फॉर्स्टरने चाळीस वर्षांनी जे सांगितले ते अधिक मोलाचे आहे. १९५१ साली ऑल्डबरोच्या महोत्सवात त्याने या कादंबरीचा काही भाग वाचून दाखवला आणि ती का फसली याचे कारण दिले : पुढे काय घडणार, मुख्य घटना कोणती, हे आपण ठरवलेलेच नव्हते. कादंबरीकारासमोर दूरवर एखादा डोंगरासारखा भरीव ढीग असावा लागतो. कथेला त्याला वळसा घालून, त्यावरून किंवा त्यातून जावे लागते. जवळ गेल्यावर त्याचे स्वरूप बदलले तरी हरकत नाही, किंबहुना बदललेले बरे. पण तो समोर दिसत असला पाहिजे. पुढल्याच वर्षी केंब्रिजला दिलेल्या आणि 'पॅरिस रिव्ह्यू'च्या पहिल्या अंकात (१९५३) प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत हाच विषय निघाला. तेव्हा 'पॅसेज'संबंधी तो म्हणाला की गुहांमध्ये काहीतरी महत्त्वाचे घडणार आणि ते कादंबरीच्या मध्यभागी असणार, हे ठाऊक होते; काय घडणार ते मात्र ठाऊक नव्हते.

समीक्षकांनी या दोन विधानांची संगती लावण्याचा फारसा प्रयत्न केलेला दिसत नाही. पहिल्या विधानाप्रमाणे पाहिले तर दुसरी कादंबरीही फसावयास हवी होती. दहा वर्षे ती फसलेलीच होती.

भारताकडे फॉर्स्टरला ओढले ते सय्यद रॉस मसूदने. सर सय्यद अहमद खानांचा हा नातू ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी, १९०६ साली, लॅटिन शिकण्यासाठी त्याच्याकडे आला. शिकवणी बाजूला राहून दोघांची गाढ मैत्री जडली. फॉर्स्टरच्या बाजूने ती मैत्रीहून अधिक होती. १९१२ च्या ऑक्टोबरात फॉर्स्टर या देशात आला आणि पुढल्या एप्रिलपर्यंत हिंडला. अलीगढ, दिल्ली, लाहोर, पेशावर, छतरपूर, काशी, बांकीपूर, हैदराबाद असा तो मार्ग होता. नाताळात माल्कम डार्लिंग या केंब्रिजच्या मित्रामुळे देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांची ओळख झाली. हे मराठा राजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई होते, आणि त्यांच्या माळव्यातील दरबाराची भाषा मराठी होती. १९१३ च्या जानेवारीत, मसूद जेथे वकिली करीत होता त्या बांकीपूरहून निघून, फॉर्स्टरने गयेजवळच्या बराबर टेकड्यांतील लेणी पाहिली. मार्चअखेर तो औरंगाबादेस आला आणि वेरूळची लेणीही त्याने पाहिली.

या दोन लेण्यांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वेरूळला जे आहे ते मूर्तींनी, कथांनी, देवदेवतांच्या हालचालींनी ओसंडणारे आहे. कोणत्याही कादंबरीकाराला तेथे हवी तितकी सामग्री मिळाली असती. फॉर्स्टरने निवडली ती बराबरची लेणी. आणि त्यांतूनही जे होते ते काढून टाकले. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने आणि त्याचा नातू दशरथ याने त्या परिसरातील गुहा आजीविक संन्याशांसाठी खोदविल्या. त्यांत शिलालेख आहेत, आणि लोमश ऋषी गुहेच्या दाराच्या कमानीवर हत्तींची सुंदर रांग कोरलेली आहे. कादंबरीतील मराबारच्या गुहांत हत्ती नाहीत, लेख नाहीत, अशोक नाही, कोणी संन्यासी नाही. बराबरचा आरशासारखा गुळगुळीत ग्रॅनाइट आणि घुमणारा नाद एवढेच उरले आहे. इतिहासाचा इतका साफ उपसा करणे ही अनवधानाने झालेली गोष्ट असू शकत नाही. एका गुहेच्या भिंतीशी काडी पेटवली असता दगडातली दुसरी ज्योत तिला भेटू पाहते, ही त्या वर्णनातील प्रतिमा त्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या भिंतींवरूनच घेतली असली पाहिजे.

इंग्लंडला परतल्यावर लेखन सुरू झाले. चंद्रपूर (कादंबरीतले) हे गाव, डॉक्टर अझीझ, इंग्रजांचा क्लब, मशिदीतली भेट हे सारे भराभर उतरले आणि कथा गुहांच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आत जाणे मात्र जमेना. त्याच सुमारास 'मॉरिस' ही कादंबरी त्याला एकदम सुचली आणि १९१४ पर्यंत लिहूनही झाली. छापता न येणाऱ्या विषयावर छापण्याचा हेतू न धरता तो वेगाने लिहू शकला. पुस्तक मित्रांच्या हातांतून फिरले, आणि प्रसिद्ध झाले ते त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ साली. यावरून काही अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला आहे की फॉर्स्टरची कुंठा ही सर्वस्वी त्या निषिद्ध विषयाची कुंठा होती. हे अर्धेच खरे आहे. तसे असते तर 'मॉरिस' लिहून मन हलके झाल्यावर 'पॅसेज' पुढे सरकावयास हवी होती. ती तसूभरही सरकली नाही. १९११ ची कोंडी विषयाची होती. १९१३-१४ ची कोंडी घटनेची. एकीचे औषध दुसरीला लागू पडले नाही.

युद्धाची वर्षे त्याने अलेक्झांड्रियात रेड क्रॉसच्या कामात घालविली. १९१५ च्या नोव्हेंबरपासून १९१९ च्या जानेवारीपर्यंत तो तेथे होता. जखमी सैनिकांना भेटून बेपत्ता माणसांची माहिती गोळा करणे हे त्याचे काम. तेथेच त्याला कवाफी हा कवी भेटला, आणि ट्रामवरील कंडक्टर मोहम्मद एल-अद्ल भेटला. त्याच्यावर फॉर्स्टरने आयुष्यात प्रथमच परिपूर्ण म्हणता येईल असे प्रेम केले. त्या शहराचा इतिहास आणि मार्गदर्शक असे दुहेरी पुस्तक त्याने लिहिले. कादंबरीची प्रकरणे पेटीत होती.

१९२१ च्या मार्चमध्ये तो देवासला निघाला तेव्हा ती प्रकरणे त्याने बरोबर घेतली. जेथली गोष्ट तेथेच बसून पुरी करावी, हा हेतू स्वाभाविक होता. पुढे काय झाले ते 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या पुस्तकात आहे. ज्या देशाचे वर्णन करण्याचा त्या पानांचा दावा होता, तो देश समोर येताच ती कोमेजली आणि मेली. त्यांचे काहीच करता येईना. आठवणीतला भारत आणि अनुभवातला भारत यांच्यातले अंतर फार पडले होते. परत गेल्यावर ते अंतर कमी झाले आणि लेखन पुन्हा सुरू करता आले. म्हणजे देवासने कादंबरी मोकळी तर केली नाहीच, उलट होती तीही मारली.

तेथील त्याचे काम तरी काय होते? बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, विजेचे घर यांवर देखरेख ठेवावी, आणि महाराजांची मर्जी असेल तेव्हा त्यांना काही वाचून दाखवावे. नवा राजवाडा बांधला जात होता आणि बांधता बांधताच पडत होता. देवीच्या टेकडीखालच्या त्या लहानशा गावात कोणतीच गोष्ट पुरी होत नव्हती आणि त्याचे कोणाला वैषम्यही नव्हते. ऑगस्टात गोकुळअष्टमीचा उत्सव आला. जुन्या वाड्यात आठ दिवस भजन, वाद्ये, गुलाल, फुले, लोणी. स्वतः महाराज देवापुढे गात नाचत होते आणि हा केंब्रिजचा पदवीधर अनवाणी, देशी पोशाखात, त्या गर्दीत उभा होता. घरी धाडलेल्या पत्रांत त्याने तक्रार केली की यात प्रतिष्ठा नाही, अभिरुची नाही, घाट नाही. पत्रे मात्र लांबलचक आहेत आणि तपशिलांनी भरलेली आहेत. ज्याला एखादी गोष्ट नुसतीच कंटाळवाणी वाटली तो तिच्याविषयी इतके लिहीत नाही.

मराठी वाचकाला या भागात थोडा वेळ रेंगाळावेसे वाटले तर नवल नाही. 'पॅसेज'च्या तिसऱ्या भागात, म्हणजे 'मंदिर'मध्ये, जी गवळण-काल्याची मिरवणूक आहे ती देवासची आहे. त्या देवळात घुमणारे नाव तुकारामाचे आहे. आणि भजनाच्या मेळ्यात पुढे उभा असलेला प्राध्यापक गोडबोले हा दक्षिणी ब्राह्मण आहे. इंग्रजी कादंबरीत इतक्या मध्यवर्ती जागी मराठी भक्तिपरंपरा दुसरीकडे कोठे आलेली नाही. अर्थात फॉर्स्टरला मराठी येत नव्हते, त्यामुळे त्या परंपरेचा बाहेरचा नाद तेवढा त्याच्या कानी पडला. गोडबोले हा हिंदू धर्माचा प्रतिनिधी नसून विदूषक आहे, असे नीरद चौधुरी यांनी 'एन्काउंटर' मासिकातील १९५४ च्या लेखात म्हटले, ते सर्वस्वी झिडकारता येण्यासारखे नाही. त्यांचा रोख मुख्यतः कादंबरीच्या राजकीय दृष्टीवर होता आणि तेथेही त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे : १९२१ चा असहकाराने ढवळून निघालेला देश या पुस्तकात जवळजवळ नाही, इंग्रज-भारतीय संबंधांचे चित्र बऱ्याच अंशी १९१२-१३ चे आहे. जालियनवाला बागेनंतरच्या इंग्रजांची भीतीने पिसाळलेली मनःस्थिती क्लबच्या प्रसंगांत डोकावते, तेवढीच. अकरा वर्षे अडून राहिलेल्या कादंबरीने ही किंमत दिली, हे मान्य केले पाहिजे.

१९२२ च्या आरंभी फॉर्स्टर परत निघाला. वाटेत ईजिप्तमध्ये त्याने क्षयाने अखेरच्या टप्प्यावर असलेल्या मोहम्मदला पाहिले. मेमध्ये तो वारला. मार्चमध्ये इंग्लंडला पोहोचलेल्या फॉर्स्टरची अवस्था इतकी खचलेली होती की व्हर्जिनिया वुल्फने तिची आपल्या रोजनिशीत नोंद केली. लेनर्ड वुल्फने त्याला जुनी पाने पुन्हा काढावयास सांगितले. एप्रिलमध्ये फॉर्स्टरने स्वतःच्या काही कामुक कथा जाळून टाकल्या. हे नीतीच्या पश्चात्तापाने केलेले नाही, त्या लेखनाने आपली कलेची वाट तुंबली आहे असे वाटले म्हणून केले, असा खुलासाही त्याने लिहून ठेवला आहे. त्याच सुमारास तो प्रूस्त वाचत होता. अशा रीतीने १९२२ च्या वसंतात कुंठा सुटण्याची कारणे एकदम इतकी सापडतात की त्यांतले कोणतेच पुरेसे वाटत नाही.

सप्टेंबरात त्याने मसूदला लिहिलेले एक पत्र मात्र यांहून निराळ्या प्रकारचे आहे. हे पुस्तक सुरू केले तेव्हा ते पूर्व-पश्चिमेमधला सहानुभूतीचा एक लहानसा पूल होईल अशी आपली कल्पना होती. ती आता सोडून द्यावी लागली, कारण आपल्या सत्यबुद्धीला इतकी सोयीची गोष्ट मानवत नाही, असे तो म्हणतो. येथे चरित्रातली घटना नाही, पुस्तकाविषयीचा निर्णय आहे. पूल बांधावयाचा असेल तर गुहेत काय घडले हे ठरवावेच लागते. अझीझ निर्दोष आहे हे सिद्ध करून, गैरसमज दूर करून, दोन्ही काठ जोडावे लागतात. त्यासाठी घटना हवी, तिचा उलगडा हवा, आणि उलगड्यानंतरचा सलोखा हवा. पूल रद्द झाल्यावर उलगड्याची सक्ती राहिली नाही.

तरीही हे एका झटक्यात झालेले नाही, याचा पुरावा हस्तलिखितात आहे. १९६० साली लंडन लायब्ररीच्या साहाय्यार्थ ते लिलावात निघाले, साडेसहा हजार पौंडांना विकले गेले आणि टेक्सास विद्यापीठात पोहोचले; ऑलिव्हर स्टॅलीब्रासने त्याचे संपादन १९७८ साली प्रसिद्ध केले. त्यात गुहेचा प्रसंग लिहिलेला आहे. अडेला अंधारात आहे, कोणीतरी तिला धरते, झटापट होते, हातातल्या दुर्बिणीने ती प्रतिकार करते आणि सुटून पळते. म्हणजे फॉर्स्टरने डोंगर भरीव करून पाहिला होता. छापील पुस्तकात हे पान नाही. अडेला एका गुहेत शिरते, अझीझ दुसऱ्या गुहेत शिरतो, आणि नंतर आपल्याला दिसते ती एका गुहेच्या तोंडाशी पडलेली दुर्बीण. मधली जागा कोरी आहे. पुस्तक निघाल्यावर लवकरच, १९२४ च्या जूनमध्ये, लोज डिकिन्सनने याविषयी विचारले तेव्हा फॉर्स्टरने उत्तर दिले की गुहेत एकतर माणूस होता, किंवा काही अतिमानवी होते, किंवा तो भास होता. त्यांपैकी एक निश्चित केले तर पुस्तकच निराळे होते.

पाडलेल्या पानाचा खरा उपयोग पुढे, खटल्याच्या प्रकरणात होतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असलेली अडेला पोलीस अधिकाऱ्याच्या प्रश्नांबरोबर मनाने पुन्हा त्या टेकड्यांवर जाते. हत्ती, उन्हातला खडक, ओळीने गुहा हे सगळे तिला लख्ख दिसते. मग तिला विचारले जाते, आरोपी तुमच्या मागोमाग आत आला ना? ती पाहते. गुहेचे दार दिसते, पण त्या दारातून आत येणारा अझीझ तिला दिसत नाही. सारा क्लब, सारे सरकार, तिचा होणारा नवरा, सगळे तिने ती जागा भरावी म्हणून वाट पाहत आहेत. ती भरली की गोष्ट पुरी होते. ती म्हणते की तिला खात्री नाही, आणि आरोप मागे घेते. दहा वर्षे त्याच दाराशी उभे राहून आत काय घडले ते न दिसलेल्या लेखकाने हे पृष्ठ लिहिले आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या प्रकरणातील विलक्षण संथपणा कळतो. अडेलाचे धैर्य कादंबरीतील इतर पात्रांना धैर्य वाटतच नाही, इंग्रजांना तो विश्वासघात वाटतो आणि भारतीयांना चमत्कारिकपणा. तिला जे दिसत नाही ते दिसले असे सांगण्याचे तिने नाकारले, एवढेच. लेखकानेही तेच केले. फक्त त्याला त्याच्या आधी ते पान एकदा लिहून पाहावे लागले.

आता अशी पोकळी मध्यभागी ठेवून कादंबरी उभी कशी राहते, हा तंत्राचा प्रश्न उरतो, आणि येथे प्रूस्तचे ऋण मोठे आहे. संविधानकाच्या कार्यकारणभावावर जो भार टाकता येत नव्हता तो फॉर्स्टरने लयीवर टाकला. 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' (१९२७) या केंब्रिजच्या व्याख्यानांत प्रूस्तमधील एका संगीताच्या तुकड्याची पुनरावृत्ती त्याने लयीचे उदाहरण म्हणून समजावली आहे. तीच युक्ती तीन वर्षे आधी त्याने स्वतः वापरली होती. पहिल्या भागात मिसेस मूर खुंटीवर बसलेली एक गांधीलमाशी पाहते. पाद्री लोकांच्या चर्चेत, ईश्वराची कृपा कोठवर पोहोचते या प्रश्नात, गांधीलमाशी पुन्हा येते. तिसऱ्या भागात, भजनाच्या तंद्रीत, गोडबोलेला एक म्हातारी आठवते आणि एक गांधीलमाशी आठवते. या तीन जागांना जोडणारी कोणतीही घटना नाही. मिसेस मूर तोवर समुद्रात वारलेली आहे. ई. के. ब्राउन या समीक्षकाने १९५० साली या पुनरावृत्तींचा उत्तम मागोवा घेतला. पण त्यांचा संबंध फॉर्स्टरच्या अडलेल्या लेखनाशी त्याने जोडला नाही. ज्या लेखकाला घटना सांगता येत नाही, त्याला दोन ठिकाणे जोडण्याचे दुसरे साधन शोधावे लागते. ही लय म्हणजे तसे शोधलेले साधन आहे.

गोडबोलेचे गाणे हेही याच मांडणीचा भाग आहे. चहाच्या प्रसंगी तो गोपीच्या भूमिकेतून देवाला बोलावतो; देव येत नाही; पुढच्या एखाद्या गाण्यात तरी येत असेल, असे मिसेस मूर विचारते, तेव्हा कोणत्याच गाण्यात येत नाही असे तो शांतपणे सांगतो. गुहेतील प्रसंगानंतर तो फील्डिंगला समजावतो की नसणे म्हणजे अस्तित्वात नसणे नव्हे. चौधुरींना यात विदूषक दिसला. परंतु न आलेल्याला हाक मारत राहणे हा विनोद आहे की भक्ती, याचा निवाडा भक्तिकाव्याची थोडीफार ओळख असलेल्या वाचकाने केलेला बरा. विरहाचे पद म्हणून त्याचे भाषांतर करू गेल्यास मराठीत ते अगदी सहज बसते; कादंबरीतल्या क्लबच्या संभाषणांविषयी असे म्हणता येत नाही. पुस्तकाच्या नावातला 'पॅसेज' हा शब्द मात्र भाषांतरकाराला दाद देत नाही. व्हिटमनच्या कवितेवरून घेतलेल्या त्या शब्दात समुद्रप्रवास आहे, दोन जागांमधली अरुंद वाट आहे, आणि ग्रंथातला उताराही आहे. मराठीत तीन शब्द लागतात, आणि तिन्ही एका शीर्षकात घालता येत नाहीत.

२१ जानेवारी १९२४ रोजी कादंबरी संपली. ती संपल्याची नोंद फॉर्स्टरने मोहम्मदच्या पेन्सिलीने केली. पुस्तक मसूदला आणि त्याच्याशी असलेल्या सतरा वर्षांच्या मैत्रीला अर्पण केलेले आहे. यानंतर कादंबरी लिहिणार नाही, असे ते पुरे होण्याआधीच तो पत्रांतून सांगू लागला होता आणि ते त्याने शब्दशः पाळले. यापुढे तो शेहेचाळीस वर्षे जगला. व्याख्याने दिली, निबंध लिहिले, मुल्कराज आनंदांच्या 'अनटचेबल'ला प्रस्तावना लिहिली (१९३५), १९४५ साली लेखकांच्या पी. ई. एन. परिषदेसाठी जयपूरला आला, ब्रिटनच्या 'बिली बड'चे संगीतिकालेखन सहकाऱ्याबरोबर केले (१९५१). या दीर्घ मौनालाही कुंठाच म्हणण्याची पद्धत आहे. डेमन गॅलगटने तर 'आर्क्टिक समर' हेच नाव घेऊन या लेखकाच्या अडलेल्या वर्षांवर कादंबरी लिहिली (२०१४); ती १९२४ ला थांबते, हा तिचा विवेक म्हणावा लागेल. कारण नंतरच्या मौनात पेटीत पडलेली, हाक मारणारी पाने नव्हती. आपल्याला ठाऊक असलेले समाजजीवन युद्धाने संपले, नव्याचा विचार करता येतो पण त्यातून कथा उभी करता येत नाही, असे उतारवयात तो सांगत असे. हे थांबणे आहे, अडणे नव्हे.

याला एक अपवाद आहे आणि तो वर उल्लेखलेल्या सगळ्या मांडणीला पूरक ठरण्याऐवजी थोडा अडचणीचाच ठरतो. १९१३ च्या सुमारास, म्हणजे 'पॅसेज'बरोबरच, फॉर्स्टरने आणखी एका कादंबरीचे पहिले प्रकरण लिहून सोडले होते. भारतातून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर काही इंग्रज मुले आणि त्यांच्याबरोबर खेळणारा एक मिश्र वंशाचा मुलगा, एवढाच त्याचा विषय. १९४८ साली 'लिसनर' साप्ताहिकात एका न लिहिलेल्या कादंबरीचे प्रवेशद्वार अशा अर्थाच्या शीर्षकाखाली त्याने तो तुकडा छापून टाकला, जणू प्रकरण बंद केले. मग १९५७-५८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याने ते पुन्हा काढले आणि पुरे केले. मुले आता मोठी झाली आहेत, दुसरी बोट भारताकडे निघाली आहे, इंग्रज अधिकारी आणि तो दुसरा तरुण एकाच केबिनमध्ये आहेत. दार बंद आहे. आत प्रेम होते, सूड होतो, खून होतो, मग बाहेर आत्महत्या होते, आणि या वेळी फॉर्स्टरने त्यातले काहीही कोरे ठेवलेले नाही. 'दि अदर बोट' ही ती कथा. त्याच्या गद्याचा इतका ताठ आणि निःसंकोच नमुना दुसरा क्वचितच सापडेल. ती त्याने हयातीत प्रसिद्ध केली नाही. १९७० च्या जूनमध्ये तो वारल्यावर दोन वर्षांनी, १९७२ साली, ती इतर कथांबरोबर छापली गेली.